दोन जंगलांमधली चिंचोळी वाट: मालकी कुणाची, वहिवाट कुणाची?

पाऊलवाट

जमिनीच्या भांडणात 'वहिवाट' हा शब्द सगळ्यांना चटकन कळतो. जमीन तुझ्या नावावर असली तरी माझी जायची-यायची वाट तिथून आहे आणि ती तुला नांगरून टाकता येत नाही. वन्यजीवांच्या भ्रमणमार्गांबद्दल वाचताना मला सारखं वाटतंय की हा प्रश्न मुळात वहिवाटीचा आहे आणि आपण तो मालकीचा करून बसलोय. जंगल कुणाचं, जमीन कुणाची, किती हेक्टर, यावर वाद होतात. वाट चालू आहे की बंद, हे कुणी विचारत नाही.

दोन मोठी जंगलं आणि मधे तीस-चाळीस किलोमीटरचा तुटक पट्टा असं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्यातला बराचसा भाग फार वाईट नसतो. झुडपी रान, पडीक माळ, ओढे, शेतं. जनावर रात्री निघतं, दिवसा एखाद्या दाट जाळीत पडून राहतं. पण कुठेतरी एका ठिकाणी हा पट्टा काहीशे मीटरवर येतो. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मधे एक ओढा. तिथे एक भिंत उभी राहिली की अलीकडचे पलीकडचे चाळीस किलोमीटर वाया गेले. घागर कितीही मोठी असू दे, पाणी गळ्यातूनच येणार.

टिपेश्वर अभयारण्यातल्या टी१-सी१ या तरुण वाघाची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१९च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून भटकत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हा सगळा प्रवास काही जंगलातून झालेला नाही. शेतं, नाले, रस्ते ओलांडत गेला. म्हणजे वाघाला सलग गर्द रान लागतंच असं नाही, त्याला न अडलेली वाट लागते.

दुसरं उदाहरण लांबचं आहे पण माझं आवडतं. दक्षिण कॅलिफोर्नियात कोल कॅन्यन नावाची घळ आहे. तिथे एका बहुपदरी महामार्गाखालून गाड्यांसाठी जुना भुयारी रस्ता होता. कॉलर लावलेला एक प्यूमा (अमेरिकेतलं मांजरकुळातलं मोठं जनावर) तिथून ये-जा करतोय हे संशोधकांच्या लक्षात आलं. दोन्ही बाजूंना घरं बांधायची तयारी झालेली होती. ती जमीन विकत घेतली गेली, गाड्यांची वाट बंद केली आणि भुयारातलं डांबर उखडून टाकलं. इतकासा तुकडा, पण दोन डोंगररांगा त्यावर टिकून आहेत.

तर मुद्दा असा: पैसा, माणसं आणि भांडायची ताकद तिन्ही मोजकी असतील तर आधी या अरुंद जागा, म्हणजे हे गळे, राखावेत का? की मोठ्या जंगलांकडेच लक्ष द्यावं? तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तर जास्तच.

शेवंती

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. दोन्हीकडे पुरेसं जंगल आणि पुरेशी जनावरं असतील तर त्यांनी इकडून तिकडे जायचंच कशाला? आहेत तिथे सुखात राहू देत की.

पाऊलवाट

@शेवंती, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. दोन कारणं. पहिलं घरचंच. वाघाचा नर बछडा दोनेक वर्षांचा झाला की त्याला तिथून निघावंच लागतं, कारण मोठा नर त्याला टिकू देत नाही. वाट असो नसो, तो निघणार. वाट बंद असेल तर तो वस्तीत शिरणार किंवा गाडीखाली येणार.

दुसरं कारण सावकाश दिसतं. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस काही लांडगे गोठलेल्या पाण्यावरून चालत तिथे गेले आणि स्थिरावले. ती बर्फाची वाट म्हणजे त्यांचा भ्रमणमार्ग, फक्त थंडीपुरता. पुढे ती वाट क्वचितच गोठू लागली. कळप आपसातच वाढला आणि पाठीच्या कण्यात व्यंगं दिसू लागली. १९९७मध्ये एकच नर बर्फावरून आला आणि त्याच्या रक्ताने कळपाला नवी उभारी दिली. पण थोड्याच पिढ्यांत बेटावरचे जवळजवळ सगळेच त्याचे नातलग होऊन बसले आणि घसरण पुन्हा सुरू झाली. २०१६पर्यंत उरले दोन लांडगे: बाप आणि लेक, त्यातही एकमेकांची सावत्र भावंडं. शेवटी २०१८पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले.

म्हणजे एकदा कुणी येऊन जाणं पुरत नाही. दर पिढीला निदान एखादं तरी जनावर बाहेरून येऊन तिथे वीण करून गेलं पाहिजे, असा एक ढोबळ आडाखा अभ्यासक वापरतात.

निशाचर

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर ओडिशातलं सिमिलीपाल. तिथले 'काळे वाघ' पाहून लोक हरखून जातात. खरं तर ते काळे नसतात, पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. २०२१मध्ये त्यामागचा जनुकीय बदल शोधला गेला. इतरत्र फारच दुर्मीळ असलेला हा बदल तिथल्या वाघांत बराच पसरला आहे, कारण संख्या थोडी आणि बाहेरून येणारं कुणी नाही. आपण ज्याला नवल म्हणून फोटो काढतो ती एकटेपणाची खूण आहे.

२०२४मध्ये ताडोबातून दोन वाघिणी तिथे नेऊन सोडल्या. त्यातली झीनत निघाली ती झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालात. डिसेंबरअखेर तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. वाट शाबूत असेल तर जे काम जनावरं आपल्या पायांनी करतात, तेच पिंजरा, ट्रक आणि डॉक्टरांचं पथक लावून करायचं. तेही एकदाच करून भागत नाही, वरचं लांडग्यांचं उदाहरण आहेच.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण सगळेच माना डोलावतायत म्हणून जरा आडवं लावतो.

१९८७मध्ये सिम्बरलॉफ आणि कॉक्स या दोघांनी भ्रमणमार्गांवर रोखठोक आक्षेप घेतले होते. एक: उपयोग होतो याचा पुरावा तेव्हा तुटपुंजा होता. दोन: ज्या वाटेने वाघ जातो त्याच वाटेने रोग, वणवा आणि उपरे तणही जातं. तीन: चिंचोळ्या पट्टीवर खर्च होणारा पैसा मोठं जंगल वाढवायला वापरला तर कदाचित जास्त फायदा. चार: अरुंद पट्टी म्हणजे नुसती जंगलाची किनारच. ऊन, वारा, भटकी कुत्री, शिकारी सगळे आत. जनावराला वाट वाटते आणि तो सापळा असतो.

माझा पाचवा आक्षेप मात्र पुस्तकी नाही. 'भ्रमणमार्ग राखून ठेवलाय' असं म्हणत बाकीचं सगळं मोकळं रान बिनदिक्कत तोडता येतं. नकाशावर एक हिरवी रेघ ओढली की सगळ्यांच्या मनाला शांती.

पाऊलवाट

पाचवा आक्षेप बिनशर्त मान्य. मी स्वतः 'गळा, गळा' करताना हे विसरलो होतो.

पहिल्यावर मात्र १९८७नंतर बरंच पाणी वाहून गेलंय. अमेरिकेत सव्हाना नदीच्या परिसरात पाइनच्या जंगलात मुद्दाम मोकळे तुकडे तयार केले, काही एकमेकांना २५ मीटर रुंदीच्या पट्टीने जोडलेले, काही सुटे. २०१९मध्ये अठरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: जोडलेल्या तुकड्यांत वनस्पतींच्या जाती सुट्या तुकड्यांपेक्षा १४ टक्के जास्त. आणि फरक वर्षागणिक वाढतच होता. मध्य भारतातल्या वाघांच्या जनुकीय अभ्यासातही (२०१३) कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट यांच्यात देवाणघेवाण चालू असल्याचं दिसलं, कारण मधलं जंगल अजून पुरतं तुटलेलं नाही.

रोगाचं म्हणाल तर गीरचे सिंह बघा. २०१८मध्ये तिथे कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाची साथ आली. सिंह एकाच टापूत असल्यामुळे जगातले सगळे मुक्त आशियाई सिंह एकाच वेळी धोक्यात. वाट नसल्याने रोग थांबला नाही. तो बहुधा कुत्र्यांकडून येतो आणि कुत्र्यांना वाट लागत नाही.

खडी_आणि_डांबर

रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे इथे थोडं बोलायचा अधिकार आहे असं समजतो. लांबलचक होईल, कंटाळा आला तर उडी मारा.

'अंडरपास केला, विषय संपला' ही सर्वांत मोठी गैरसमजूत. पाण्यासाठी टाकलेली पाइपाची मोरी आणि जनावरासाठीचा मार्ग यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हरणाला पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. म्हणून नुसती उंची किंवा रुंदी पाहायची नसते. रुंदी गुणिले उंची, भागिले आत चालावं लागणारं अंतर, असा हिशेब करतात. चौपदरीचा सहापदरी झाला की आतलं अंतर वाढतं आणि तेच भुयार एकदम अंधारं होतं. हे रुंदीकरणाच्या फायलीत कुणाच्या लक्षात येत नाही.

पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर (आता ४४, पूर्वीचा ७) बरीच वर्षं वाद झाल्यावर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ बांधकामं झाली. काही खास जनावरांसाठी, काही छोटे पूल. सर्वांत मोठं रस्त्याच्या लांबीत मोजलं तर ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९मध्ये तिथे कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले, वाघही. ७५० मीटर ऐकून काही सहकाऱ्यांनी डोक्याला हात लावला होता. पण तिथे खालून रान जसंच्या तसं वाहतं. ते भुयार वाटतच नाही, रस्ताच उचलून घेतल्यासारखा वाटतो.

कॅनडात बॅन्फला ट्रान्स-कॅनडा महामार्गावर सहा वरचे पूल आणि ३८ भुयारं आहेत. वन्यप्राण्यांना गाड्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. पण तो आकडा एकट्या पुलांचा नाही, दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणाचा आहे. कुंपण जनावराला वळवून पुलापाशी आणतं. कुंपण नसेल तर पूल शोभेचा, आणि पूल नसताना कुंपण घातलं तर ती सरळ भिंत. दुसरं म्हणजे धीर. तिथल्या ग्रिझली अस्वलांनी पूल सवयीचे व्हायला काही वर्षं घेतली. आपल्याकडे सहा महिन्यांत 'वापर होत नाही' असा शेरा मारून मोकळे होतात. उलट केनियात माउंट केनियाच्या पायथ्याशी १४ किलोमीटरच्या हत्तीमार्गासाठी रस्त्याखाली भुयार केलं, तर २०११ उजाडताच पहिला सुळेवाला पार गेला. कारण हत्तींची वाट आधी अभ्यासली आणि भुयार त्या वाटेवर केलं. आपल्या सोयीच्या ठिकाणी करून मग हत्तींना बोलवत बसले नाहीत.

कालव्यांबद्दल कुणीच बोललं नाही. सिमेंटचा गुळगुळीत उताराचा कालवा रस्त्यापेक्षा वाईट. रस्ता रात्री दोनला तरी ओस पडतो, कालवा चोवीस तास भरलेला. जनावर पाणी प्यायला उतरतं आणि वर चढता येत नाही. थोड्या थोड्या अंतरावर खडबडीत उतार ठेवणं आणि गळ्याच्या जागी कालवा झाकून वरून माती टाकणं, एवढं तरी मूळ आराखड्यातच हवं. नंतर कुणी पैसे देत नाही.

आणि काहीही न बांधता होणारा उपाय: रात्री रस्ता बंद. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. विरोध अजून होतो, पण बंदी टिकलीय.

शेवंती

बापरे, उडी मारता आली नाही, सगळं वाचलं. ७५० मीटरचं वाक्य वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.

बांधावरून

बरेच दिवस नुसता वाचत होतो. माझी शेती अशाच एका दोन डोंगरांमधल्या पट्ट्यात आहे. कुठे ते महत्त्वाचं नाही, असे पट्टे सगळीकडे आहेत.

'भ्रमणमार्ग' हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो नकाशा आधीच काढून झाल्यावर. कुणी विचारलं नाही की ओढा कुठून वळतो, जनावर कुठून उतरतं. ते आम्हाला बिनकॅमेऱ्याचं माहीत असतं. मग अफवा उठते की आता विहीर खोदता येणार नाही, जमीन विकता येणार नाही. मग काय, जो तो घाईघाईने कुंपण घालून घेतो. तुमच्या नकाशाने वाट राखायच्या आधीच बंद केली.

दुसरं, ज्याचा फोटो छापून येतो तो वाघ आमचा त्रास नाही. तो वर्षातून दोन-चार रात्री गुमान निघून जातो. त्रास रानडुकरांचा आणि नीलगायींचा, आणि ते प्रवासी नाहीत, मुक्कामाला आहेत. एका रात्रीत उभं पीक आडवं. कुंपणात थेट वीज सोडणारे आहेत, मला ते मान्य नाही, त्यात माणसंही मेलीत. मी झटका मशीन वापरतो, म्हणजे जीव न घेता नुसता झटका देणारी तार. पण खरं सांगायचं तर झटका मशीनची तारही वाट अडवतेच.

आणि पाऊलवाट, तुमचा वहिवाटीचा मुद्दा मला पटला, पण तो अर्धाच मांडलात. वहिवाटीची वाट ठरलेली असते. कुठून कुठे, किती रुंद, सगळं. 'तुमचं सगळं शिवार वहिवाटीत आहे' असं कुणी म्हणत नाही. मला नेमकी पट्टी दाखवा. ओढ्याकाठची असेल तर मी तार मागे घेऊ शकतो. सगळी जमीन 'कॉरिडॉर' म्हणालात तर मी पहिला विरोधक.

निशाचर

@बांधावरून, तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची. नकाशांचंच काम करतो म्हणून सांगतो, तुमचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे.

नकाशे दोन तऱ्हेने निघतात. एक 'कमीत कमी कष्टाची वाट': संगणक दोन जंगलांमधली एकच सोपी रेघ काढतो. रेघेला रुंदी नसते. मग प्रकल्पवाले म्हणतात, आमची जागा रेघेपासून बाजूला आहे, आणि शेतकऱ्याला कळत नाही की आपण आत की बाहेर. दुसरी तऱ्हा विजेच्या प्रवाहासारखी. सगळ्या भूभागातून प्रवाह सोडायचा, दाट वस्तीला जास्त रोध, झाडोऱ्याला कमी. प्रवाह मोकळ्या रानात पसरतो आणि अरुंद जागी एकवटतो, नकाशावर ती जागा लालभडक होते. तोच पाऊलवाट यांचा 'गळा'. तिथे शंभर मीटरचाही हिशेब करावा लागतो. बाकीच्या पट्ट्यात शेती, गुरं, विहिरी सगळं चालू राहिलं तरी बिघडत नाही.

उलटतपासणी

आणि कायदा? आपल्याकडे भ्रमणमार्गाला कायद्यात जागा आहे की नुसतं अहवालात?

पाऊलवाट

आहे, पण विस्कळीत. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-ओ म्हणतं की व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे भाग निसर्गाला न झेपणाऱ्या कामांसाठी वळवू नयेत. लोकहितासाठी वळवायचेच तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला हवा. प्राधिकरणाच्या २०१४च्या अहवालात असे ३२ प्रमुख मार्ग दाखवलेत. हत्तींचे २०२३च्या सरकारी अहवालात १५०. संवर्धन राखीव क्षेत्र (कलम ३६-अ) हे तर दोन संरक्षित क्षेत्रं जोडायलाच सोयीचं, सिंधुदुर्गातलं तिलारी २०२०मध्ये तसंच जाहीर झालं. पण ते सरकारी जमिनीपुरतं. खासगी जमिनीसाठी समुदाय राखीव (३६-क) आहे, मालकाने स्वखुशीने दिली तर.

न्यायालयाचं उदाहरण म्हणजे निलगिरीतलं सिगूर पठार. तमिळनाडूने २०१०मध्ये हत्तीमार्ग अधिसूचित केला, रिसॉर्टवाले कोर्टात गेले, ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचना कायम ठेवली. दहा वर्षं. तोवर हत्ती कुठून जात होते कुणास ठाऊक. वायनाडमध्ये तिरुनेल्ली-कुद्रकोट मार्गावर मात्र एका संस्थेने जमिनी घेतल्या, तिथल्या कुटुंबांना त्यांच्या संमतीने दुसरीकडे वसवलं आणि जमीन वनखात्याच्या हवाली केली. तेही वेळखाऊ, पण त्यात कोर्टकज्जा नव्हता.

@बांधावरून, अमेरिकेत एक तिसरा मार्ग आहे. शेतकरी जमीन विकत नाही, तिच्यावर इमारती उठवायचा हक्क तेवढा विकतो. शेती, गुरं चालू. जमीन पुढे ज्याच्या हाती जाईल त्यालाही ती अट लागू. फ्लोरिडात २०२१चा भ्रमणमार्ग कायदा झाल्यावर गुरांच्या मोठ्या कुरणांसाठी हे बरंच वापरलं जातंय. त्यांचा कायद्यातला शब्द 'ईझमेंट'. आपल्या १८८२च्या ईझमेंट कायद्यातही तोच, मराठीत सुविधाधिकार, म्हणजे आपली वहिवाटच. त्यात वीस वर्षं सलग वापर दाखवला की हक्क लागतो. हत्तींकडे पुरावा मागितला तर ते वीस पिढ्यांचा देतील!

खडी_आणि_डांबर

हत्तींचं वकीलपत्र कोण घेणार, हाही प्रश्न आहेच :)

शेवंती

सगळी चर्चा वाघ-हत्तींची. लहान जिवांचं काय? कुठेतरी वाचलं होतं की आसाममधल्या होलोंगापारच्या अभयारण्यातून रेल्वे गेलीय आणि तिथले हुलॉक गिबन (झाडांवर राहणारे बिनशेपटीचे वानर) जमिनीवर उतरतच नाहीत म्हणे.

निशाचर

बरोबर वाचलंत. गिबन फांदीवरून फांदीवर जातात. रुळांच्या वर झाडांचे शेंडे जुळत नसले की त्यांचं जंगल दोन तुकड्यांत फाटतं, मग ती फट रेल्वेच्या एकाच मार्गाएवढी का असेना. उपाय दोराचे झुलते पूल किंवा दोन्ही बाजूंची झाडं वाढवून शेंडे जुळवणं. ज्याच्या त्याच्या पायांप्रमाणे वाट वेगळी. बेडकाला ओलावा लागतो, खवल्या मांजराला भुसभुशीत जमीन. एकच 'भ्रमणमार्ग' सगळ्यांना चालतो हे आपलं म्हणणं, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

बांधावरून

त्या विकासहक्काबद्दल वाचून ठेवतो. आधी मला एवढं सांगा, ओढ्यातून खरंच काही जातंय का हे कॅमेऱ्याशिवाय कसं बघायचं? आम्हाला माहीत आहे म्हणालो खरा, पण ते वडिलांच्या वेळचं.

निशाचर

सोपं आहे. ओढ्याचा जो भाग सर्वांत अरुंद आहे तिथे काठाला काठ लागेल असा आडवा पट्टा घ्या, हातभर रुंद. दगड-काटक्या काढून बारीक चाळलेली माती बोटभर जाडीची पसरा आणि हाताने सपाट करा. संध्याकाळी करायचं, उजाडताच बघायचं, मग पुन्हा सपाट. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. फक्त जाणारे ठसे दिसले आणि येणारे दिसलेच नाहीत तर परतीची वाट दुसरीकडे आहे. ती शोधा.

बांधावरून

पाच सकाळी झाल्या. साळिंदर रोज. डुकरं रोज, अर्थात. तरस दोनदा, दोन्ही वेळा डोंगराकडून खाली. वर जाताना एकदाही नाही, म्हणून काल पलीकडच्या बांधालाही माती पसरली. तिथे माझ्याच तारेपाशी ठसे येऊन थांबलेत आणि तारेला धरून बाजूने शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत गेलेत. एक ठसा ओळखता आला नाही, नखं दिसत नाहीत. फोटो टाकतोय, बघून सांगा.